एका घंटीमागचे नियोजन

प्रास्ताविक

घरात कुणाला चक्कर आली, रस्त्यात अपघात झाला, वादळात वीज गेली किंवा बँकेचे कार्ड हरवले, की आपला हात आपोआप दूरध्वनीकडे जातो. पलीकडून उत्तर लगेच मिळाले तर अर्धी चिंता तिथेच दूर होते. घंटी नुसतीच वाजत राहिली तर चिंता दुप्पट होते. पलीकडे उत्तर देणारा माणूस योगायोगाने बसलेला नसतो. तो कोणत्या वेळी तिथे असावा आणि त्याच्यासोबत किती जण असावेत, हे आधीच ठरलेले असते. ते कसे ठरते, हे या पाठात समजून घेऊ या.

रिसालीतून निघालेला एक कॉल

रिसाली हा छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यातला, भिलाईला लागून असलेला भाग. पोलाद कारखान्यातील कामगारांची मोठी वसाहत येथे आहे. पूर्वी भिलाईच्या महानगरपालिकेत असलेल्या रिसालीला आता स्वतःची महानगरपालिका असून तिची पहिली निवडणूक डिसेंबर २०२१ मध्ये झाली. कारखान्यामुळे देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे भिलाईत येऊन स्थायिक झाली. छत्तीसगढी आणि हिंदीबरोबरच मराठी, तेलुगू, बंगाली, मल्याळम अशा अनेक भाषा येथील घरांतून ऐकू येतात.

समजा, रात्री आठच्या सुमारास रिसालीतील एका घरात वयस्क गृहस्थांच्या छातीत कळ आली आणि त्यांच्या सुनेने ११२ हा क्रमांक फिरवला. छत्तीसगडमध्ये ही सेवा २०१८ मध्ये दुर्गसह ११ जिल्ह्यांत सुरू झाली. पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका या तिन्ही मदती एकाच क्रमांकावर मिळाव्यात, हा तिचा हेतू होता. रिसालीतून केलेला हा कॉल भिलाईत उचलला जात नाही. तो रायपूरच्या नियंत्रण केंद्रात जातो. तेथील कर्मचारी नाव, ठिकाण आणि अडचण विचारतो, ती माहिती संगणकावर नोंदवतो आणि जवळचे वाहन रवाना होते.

या सुनेच्या दृष्टीने एकच प्रश्न महत्त्वाचा असतो : कॉल किती वेळात उचलला जाईल? त्याचे उत्तर त्या रात्री ठरत नाही. केंद्रातील मागील नोंदी, त्यांवरून बांधलेला अंदाज आणि त्या अंदाजावर आखलेले पाळ्यांचे वेळापत्रक यांतून ते आधीच ठरून गेलेले असते.

भट्टीच्या पाळ्या आणि कॉलच्या पाळ्या

पाळी म्हणजे काय, हे भिलाईच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. येथील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. झोतभट्टी एकदा पेटली की ती थंड होऊ देता येत नाही. म्हणून सकाळी सहा ते दुपारी दोन, दोन ते रात्री दहा आणि दहा ते पहाटे सहा अशा तीन पाळ्यांत माणसे राबतात. दिवस असो वा रात्र, भट्टीची गरज जवळपास सारखीच असते. त्यामुळे भट्टीजवळच्या तिन्ही पाळ्यांत साधारण तेवढीच माणसे नेमता येतात.

कॉलचे तसे नसते. पहाटे चारला केंद्र शांत असते, तर संध्याकाळी सातला घंट्या थांबत नाहीत. होळीचा दिवस आणि एरवीचा मंगळवार यांत मोठे अंतर असते. शिवाय कॉल ठरावीक अंतराने येत नाहीत. कधी पाच मिनिटे एकही घंटी वाजत नाही आणि पुढच्याच मिनिटात सहा वाजतात. अशा अनिश्चित कामासाठी माणसे किती नेमावीत? कमी नेमली तर गरजू माणूस ताटकळतो, आणि जास्त नेमली तर पगाराचा खर्च वाया जातो. हा प्रश्न दूरध्वनीइतकाच जुना आहे.

कोपनहेगनचा गणितज्ञ

भारतात २८ जानेवारी १८८२ रोजी दूरध्वनी केंद्रांची सुरुवात झाली. त्या काळी जगभर प्रत्येक जोडणी हाताने करावी लागे. ग्राहक केंद्राला घंटी देई आणि तेथील कर्मचारी त्याची तार हव्या त्या तारेशी जोडून देई. तारा किती टाकाव्यात आणि जोडणी करणारी माणसे किती ठेवावीत, हे केवळ अनुभवावर ठरे.

डेन्मार्कमध्ये १८७८ साली जन्मलेल्या आग्नर क्रारूप एर्लांग यांनी हे काम गणिताच्या पायावर उभे केले. काही वर्षे शिक्षकी केल्यावर १९०८ साली ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीत दाखल झाले. ते केवळ टेबलाशी बसून आकडेमोड करणारे नव्हते. शिडी घेतलेल्या एका कामगाराला सोबत नेऊन ते शहरातील रस्त्यांखालच्या केबलखड्ड्यांत उतरत आणि स्वतः मोजमाप करीत. कॉल मनमानेल तेव्हा येत असले तरी त्या मनमानीलाही एक नियम असतो, हे त्यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवले. पुढचा कॉल नेमका केव्हा येईल हे सांगता येत नाही. पण तासाभरात सरासरी किती येतात हे ठाऊक असेल, तर एकाच वेळी अनेक कॉल येण्याची शक्यता किती, हे काढता येते. १९१७ साली त्यांनी प्रतीक्षेची सूत्रे मांडली. १९२९ साली वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ दूरध्वनीच्या कामाचा भार मोजण्याच्या एककाला १९४६ साली ‘एर्लांग’ हे नाव देण्यात आले. आजही जगातील असंख्य संपर्क केंद्रांतील मनुष्यबळाचा हिशेब याच सूत्रांवर बेततात.

एका माणसाने पडणारा फरक

हे गणित एका साध्या उदाहरणावरून समजून घेऊ. एका केंद्रात अर्ध्या तासात ६० कॉल येतात. प्रत्येक कॉल बोलून, नोंदवून पूर्ण करण्यास सरासरी ३ मिनिटे लागतात. म्हणजे अर्ध्या तासात १८० मिनिटांचे काम आले. एक माणूस अर्ध्या तासात जास्तीत जास्त ३० मिनिटे काम करू शकतो. १८० ला ३० ने भागले की उत्तर ६ येते. मग सहा माणसे पुरतील, असे वाटणे स्वाभाविक आहे.

प्रत्यक्षात सहा माणसे मुळीच पुरत नाहीत. कॉल ओळीने येत नसल्यामुळे काही क्षण माणसे रिकामी राहतात. तो गेलेला वेळ परत मिळत नाही, आणि पुढे गर्दी झाली की रांग वाढतच जाते. एर्लांग यांच्या सूत्राने हिशेब केला तर पुढील चित्र दिसते :

• ७ माणसे असल्यास सरासरी प्रतीक्षा सुमारे ११० सेकंद
• ८ माणसे असल्यास सुमारे ३२ सेकंद
• ९ माणसे असल्यास सुमारे १२ सेकंद
• १० माणसे असल्यास सुमारे ५ सेकंद

सातवरून आठवर जाताना एकाच माणसाने प्रतीक्षा एक तृतीयांशाहून कमी होते. नऊवरून दहावर जाताना मात्र फक्त सात सेकंद वाचतात. याचा उलट अर्थही तितकाच महत्त्वाचा आहे. आठ जणांच्या पाळीत एक जण न सांगता गैरहजर राहिला, तर काम आठव्या हिश्श्याने मंदावते असे नव्हे; ताटकळणे तिपटीहून अधिक वाढते.

नऊ जण असताना प्रत्येक जण तासातील सुमारे ४० मिनिटे कॉलवर असतो आणि २० मिनिटे मोकळा असतो. बाहेरून पाहणाऱ्याला ही मोकळी मिनिटे आळस वाटू शकतात. पण अग्निशमन दलाचा बंब आग नसताना उभा असतो म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. तत्परतेची किंमत मोकळ्या वेळातच मोजावी लागते. सात जण असताना प्रत्येकाला तासातील ५१ मिनिटे बोलावे लागते. असा ताण दिवसेंदिवस राहिला तर आवाजातील सौजन्य आटते, चुका वाढतात आणि माणसे नोकरी सोडून जातात.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट उलगडते. दहा माणसांची पाच-पाच अशी दोन वेगळी केंद्रे केली आणि कॉलही निम्मे-निम्मे वाटले, तर सरासरी प्रतीक्षा सुमारे २१ सेकंद होते. तीच दहा माणसे एका केंद्रात बसवली तर ती पाच सेकंदांवर येते, कारण एकीकडे रांग आणि दुसरीकडे रिकामी खुर्ची, असे मग घडत नाही. रिसालीचा कॉल रायपूरला का जातो, याचे एक कारण येथे सापडते. महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांसह १०८ ही सेवा सुरू झाली, तेव्हा तिचेही नियंत्रण केंद्र पुण्यात एकाच ठिकाणी उभारण्यात आले. मात्र एकत्र केंद्राची एक अडचण असते. दूरच्या शहरातील कर्मचाऱ्याला रिसालीचा चौक किंवा एखाद्या सेक्टरची खूण ठाऊक नसते. कॉल करणाऱ्याची बोली समजली नाही तर तीन मिनिटांचे काम पाच मिनिटांवर जाते. म्हणून भाषा जाणणारी माणसे नेमणे हाही नियोजनाचाच भाग ठरतो.

अहवाल : आकडे काय सांगतात, काय लपवतात

सगळा हिशेब नोंदींवर उभा असतो. प्रत्येक संपर्क केंद्रात दर अर्ध्या तासाला काही आकडे नोंदवले जातात : आलेले कॉल, उचललेले कॉल, वाट पाहून ग्राहकाने सोडून दिलेले कॉल, प्रतीक्षेचा काळ आणि प्रत्येक कॉलला लागलेला वेळ. या नोंदी यंत्र आपोआप करते. त्यांचा अर्थ मात्र माणसालाच लावावा लागतो, आणि तेथे तीन ठिकाणी फसगत होऊ शकते.

पहिली फसगत सरासरीची. समजा, एका दिवसात १,००० कॉल आले. त्यांपैकी ९०० कॉलना सरासरी १० सेकंद थांबावे लागले. संध्याकाळी सात ते आठ या वेळेतील १०० कॉलना मात्र सरासरी ३ मिनिटे थांबावे लागले. दिवसाची सरासरी निघते २७ सेकंद. वरिष्ठांना हा आकडा समाधानकारक वाटेल. पण त्या एका तासात मदत मागणाऱ्या शंभर जणांना सरासरी २७ सेकंदांचा काय उपयोग? म्हणून चांगल्या अहवालात दिवसाच्या सरासरीबरोबर प्रत्येक अर्ध्या तासाचा आकडा आणि ठरावीक वेळेत उचललेल्या कॉलचे शेकडा प्रमाणही देतात. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने दूरध्वनी कंपन्यांच्या ग्राहक सेवेसाठी ९० सेकंदांच्या आत किमान ९५ टक्के कॉल उचलण्याचे मानक ठरवले, ते याच विचाराने.

दुसरी फसगत न मोजलेल्या कॉलची. फक्त उचललेल्या कॉलची प्रतीक्षा मोजली, तर कंटाळून सोडून गेलेली माणसे हिशेबातून गळतात. जेवढी अधिक माणसे कंटाळून जातील, तेवढा अहवाल देखणा दिसेल! शिवाय एकाच माणसाने तीनदा प्रयत्न केला, तर ते तीन कॉल धरायचे की एक गरजू माणूस, हेही ठरवावे लागते. असे नियम एकदा लेखी ठरवून नंतर दर महिन्याला तेच पाळले, तरच या महिन्याच्या आकड्याची मागच्या महिन्याच्या आकड्याशी तुलना करता येते.

तिसरी फसगत घाईची. प्रत्येक कॉल अमुक मिनिटांत संपलाच पाहिजे, असा दंडक घातला की कर्मचारी अडचण सुटण्याआधीच कॉल आवरता घेतो. आकडा सुधारतो; पण तोच ग्राहक अर्ध्या तासाने पुन्हा कॉल करतो. एकूण कॉल वाढतात, गर्दी वाढते आणि घाई आणखी वाढते. आकडा हे कामाचे मोजमाप आहे. त्यालाच काम समजले, की काम मागे पडते.

अंदाज आणि वेळापत्रक

उद्याचे कॉल किती, हे सांगण्यास ज्योतिष लागत नाही. जुन्या नोंदी लागतात. येत्या सोमवारचा अंदाज बांधताना मागील अनेक सोमवारांचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे आकडे पाहतात. मग त्या दिवशी काही विशेष आहे का, याचा विचार करतात. पगाराची तारीख आली की बँकेच्या केंद्रात गर्दी होते. परीक्षेचा निकाल लागला की मंडळाच्या मदतवाहिनीवर, आणि पावसाळ्याच्या तोंडावर वादळ झाले की विजेच्या १९१२ या तक्रार क्रमांकावर.

अंदाजालाही मर्यादा असते. महामार्गावर मोठा अपघात झाला की एकाच घटनेसाठी वीस जण कॉल करतात. असे कॉल एकमेकांशी जोडलेले असल्यामुळे एर्लांग यांचे सूत्र तेथे अपुरे पडते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत टाळेबंदी झाली, तेव्हा तर जुना कोणताच आकडा उपयोगी पडेना. मदतवाहिन्यांवरची गर्दी वाढली आणि नेमके त्याच वेळी कर्मचाऱ्यांना केंद्रात येणे अशक्य झाले. त्या महिन्यात दूरसंचार विभागाने नियम शिथिल करून घरून काम करण्याची मुभा दिली.

अंदाजावरून खुर्च्या ठरतात आणि खुर्च्यांवरून माणसे. आपल्या उदाहरणात नऊ खुर्च्या सतत भरलेल्या हव्या आहेत. पण माणसे जेवतात, पाणी पितात, प्रशिक्षणाला जातात, आजारी पडतात, रजा घेतात. या सर्वांत कामाचा ३० टक्के वेळ जातो असे धरले, तर नऊला ०.७ ने भागावे लागते. उत्तर १२.८६ येते, म्हणजे पटावर तेरा माणसे हवीत. रजा हा अडथळा नसून हिशेबाचा भाग आहे, हे ज्या केंद्रात ओळखले जाते, तेथे रजा मागणाऱ्याला अपराधी वाटत नाही.

मग वेळापत्रक, म्हणजे नोकरीतील भाषेत ‘रोस्टर’, तयार होते. सर्वांना एकाच वेळी न बोलावता काहींना अकराला, काहींना एकला, काहींना चारला बोलावतात, म्हणजे संध्याकाळच्या गर्दीत पाळ्या एकमेकींवर येतात. जेवणाच्या सुट्याही पाळीपाळीने देतात. त्या दिवशी अंदाज चुकला, तर पाळीवरचा सुपरवायझर प्रशिक्षण पुढे ढकलतो किंवा दुसऱ्या कामावरच्या माणसांना कॉलवर बसवतो.

येथे गणित संपते आणि माणसाचा प्रश्न सुरू होतो. सूत्राच्या दृष्टीने तेराही माणसे सारखी असतात. पण एकीचे मूल लहान असते, एखादा संध्याकाळच्या महाविद्यालयात शिकत असतो, तर कुणाला रात्री घरी परतण्यास वाहन मिळत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने स्त्रियांना रात्री काम करण्यास मोकळीक दिली. परंतु त्यांची संमती असली पाहिजे आणि सुरक्षेची व्यवस्था केली पाहिजे, अशी अटही घातली. रात्रपाळ्या सर्वांना आळीपाळीने मिळाव्यात आणि वेळापत्रक पुरेसे आधी कळावे, या अपेक्षा किरकोळ वाटतात. पण त्या पाळल्या न गेल्याने माणूस नोकरी सोडतो. त्याच्या जागी आलेल्या नव्या माणसाला तेच काम करण्यास अधिक वेळ लागतो आणि सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

समारोप

रिसालीतील त्या सुनेला एर्लांग यांचे नाव ठाऊक नाही, आणि असण्याची गरजही नाही. तिला हवा आहे तो पलीकडचा आवाज. तो काही सेकंदांत मिळाला, तर त्यामागे कुणी तरी प्रामाणिकपणे नोंदी ठेवल्या, त्या नीट वाचल्या, उद्याचा विचार आज केला आणि थकलेल्या माणसाला विश्रांती दिली, असे समजावे. अहवालातील प्रत्येक आकड्यामागे कॉल करणारा एक माणूस असतो आणि कॉल उचलणाराही एक माणूस असतो. या दोघांची आठवण ठेवून केलेले नियोजनच खऱ्या अर्थाने उपयोगी ठरते.

शब्दार्थ

संपर्क केंद्र – ग्राहकांचे वा नागरिकांचे कॉल घेणारे केंद्र, कॉल सेंटर
पाळी – कामाची ठरलेली वेळ, शिफ्ट
ताटकळणे – वाट पाहत राहावे लागणे
एकक – मोजण्याचे ठरलेले माप
दंडक – कडक नियम
पट – कर्मचाऱ्यांची यादी

पाठान्त प्रश्न

१. झोतभट्टीच्या पाळ्या आणि संपर्क केंद्राच्या पाळ्या यांत कोणता फरक आहे?
२. सहा माणसांचे काम असताना सहा माणसे का पुरत नाहीत, ते आपल्या शब्दांत लिहा.
३. ‘दिवसाची सरासरी प्रतीक्षा २७ सेकंद’ या आकड्यात काय लपून राहते?
४. अर्ध्या तासात ४० कॉल येतात आणि प्रत्येकास ३ मिनिटे लागतात. अर्ध्या तासात एकूण किती मिनिटांचे काम येते? किमान किती माणसांहून अधिक माणसे लागतील?
५. तुमच्या परिसरातील दवाखाना, रेशन दुकान किंवा तिकीट खिडकी येथे कोणत्या वेळी रांग वाढते, हे एक आठवडा पाहून नोंदवा. ती कमी करण्यासाठी काय करता येईल, यावर दहा ओळी लिहा.